पाय उचलला की थांबतो

हे कुणाला पटायचं नाही. पटलंच पाहिजे असा आग्रहही नाही. पण एका माणसाने विटांनी भरलेली ट्रॉली कालव्याच्या चढावर नुसत्या क्लचवर अर्धा तास धरून ठेवली होती. ब्रेक नाही, चाकामागे दगड नाही. बॉनेटवर काठोकाठ भरलेला पाण्याचा पेला, आणि त्यातला थेंब सांडला नाही. धरली कशासाठी? तर समोरून मुंग्यांची रांग रस्ता ओलांडत होती आणि त्या रांगेत एक मुंगी लंगडी होती. ती मागे राहिली. तिच्यासाठी थांबावं लागलं.

हे सांगणाऱ्याला सगळे हाफक्लच म्हणत. त्याचं खरं नाव कागदांवर होतं आणि कागद कपाटात होते. तिठ्यावरच्या पंक्चरच्या दुकानात रचून ठेवलेल्या जुन्या टायरांपैकी वरून दुसरा टायर त्याचा. त्यावर बसलं की तोंड सुरू. पावसाळ्यात ती मुंगी गरोदर असायची, उन्हाळ्यात लंगडी, आणि एकदा पाहुणे होते तेव्हा आंधळी झाली होती. ऐकणारे हसत. "खरं" असं कुणी म्हणत नसे आणि "खोटं" असंही कुणी म्हणत नसे. तेवढ्यावर त्याचं तीस वर्षं बरं चाललं होतं.

त्याचा ट्रॅक्टर पंचवीस वर्षांचा. रंग इतका उडालेला की कुठल्या कंपनीचा ते इंजिनाच्या आवाजावरून ओळखावं लागे. पुढे माती-खत उचलायचा लोडर, मागे ट्रॉली. नांगरटीची कामं त्याने कधीच सोडली होती. खत भरणं, वाळू टाकणं, गवताचे भारे हलवणं, यावरच घर चालायचं.

त्याचा आणखी एक किस्सा होता. तो शेवटी यायचा, कारण त्यानंतर हसता येत नसे.

"अख्ख्या आयुष्यात एकदाच चूक झाली, आणि तीही माझी नाही," तो म्हणायचा. "ट्रॉली जोडायची होती. मी मागे घेतोय, केसाकेसाने. ही मागे हूक धरून उभी. हिने नुसतं 'बस' म्हणायचं. एवढंच काम! पण नेमकी एक चिमणी उडाली, आणि ही बसली चिमणीकडे बघत."

काही महिन्यांनी चिमणीचं विमान झालं. विमान बरं होतं. विमानाकडे कुणीही बघतं.

त्या दिवशी त्याच्या बायकोच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली होती. मधलं आणि त्याच्या शेजारचं, दोन्ही मधल्या पेरापासून. तिठ्यावरून ती बाजाराला निघाली की कुणी ना कुणी हळहळायचं, "वहिनी, बस म्हणायचं हो वेळेवर." पिशवी डाव्या हातात घेऊन ती "हो ना" म्हणायची आणि पुढे जायची.

खरं काय झालं ते दोनच माणसांना माहीत होतं.

त्याआधीच्या थंडीपासून हाफक्लचचा डावा गुडघा बिघडला होता. सकाळी सुजायचा, दुपारपर्यंत गुडघ्याखाली पाय आहे की लाकूड बांधलंय ते कळेनासं व्हायचं. हे त्याने कुणालाच सांगितलं नाही. ज्याला आख्खा तिठा क्लचसाठी ओळखतो त्याने डावा पाय गेला म्हणून कुणाकडे तोंड वासायचं? त्या दिवशी ती मागे उभी होती. एका हातात ट्रॉलीचा हूक, दुसऱ्यात खीळ. "येऊ द्या... येऊ द्या..." मग ती "बस" म्हणाली. त्याने ऐकलं. पायाला सांगितलं, दाब. पाय अर्ध्यापर्यंत गेला आणि तिथेच राहिला. ती पुन्हा "बस" म्हणाली, मोठ्याने. त्याने हाताने गुडघा खाली रेटला तेव्हा चप्पल पेडलवरून सटकली आणि ट्रॅक्टर म्हशीसारखा मागे धडकला. तिसरं "बस" नुसतं बस नव्हतं.

दवाखान्यात डॉक्टर पट्टी बांधत होते. "कसं झालं?" त्यांनी विचारलं. हाफक्लचने डॉक्टरांकडे न बघता तिलाच विचारलं, "तू बस म्हणाली नाहीस ना गं?"

ती बराच वेळ त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. तिचे ओठ पांढरे पडले होते.

"नसेन म्हटलं," ती म्हणाली.

रस्त्यात पडलेली वस्तू माणूस जशी इकडेतिकडे बघून उचलतो आणि खिशात टाकतो, तसे ते दोन शब्द त्याने उचलले. दोन वर्षं ते वापरून वापरून गुळगुळीत केले.

घरात मात्र 'बस' हा शब्द राहिला नाही. कुणी काढून टाकला असं नाही, आपोआप गेला. ताटात भात वाढताना तो "पुरे" म्हणायचा. सून "राहू द्या" म्हणायची. बायको काहीच म्हणत नसे, ताटावर हात आडवा धरायची. तीन बोटांचा. मग तो ताटात बघून जेवायचा.

त्या वर्षी पावसाआधीच्या पंधरवड्यात सगळ्यांना एकदमच खत हवं झालं. पहाट फुटायच्या आत लोडर उकिरड्यावर लागायचा आणि ऊन डोक्यावर आलं तरी फेऱ्या संपत नसत. लोखंड इतकं तापे की स्टेअरिंगला फडकं गुंडाळावं लागे. मुलगा लांबच्या ट्रकवर ड्रायव्हर, महिन्यातून दोनदा घरी. त्यामुळे ट्रॉली सोडणं-जोडणं सुनेकडे आलं होतं. सून अंगाने काडी, पण जीभ धारेची. सासूच्या जागी उभं राहायचं म्हणून तिने एक लांब गज वाकवून आणला होता. हूक गजाने उचलायची आणि हात लांब ठेवायची.

तिसऱ्या दिवशी दुपारी ट्रॉली अंगणात उभी होती. सून तिच्यासमोर, पायाशी घमेलं. हाफक्लच मागे घेत होता.

"येऊ द्या, आबा. अजून. अजून थोडं. थांबा."

पाय अर्ध्यात गेला.

"थांबा!"

ट्रॅक्टर उसळला. सून गज टाकून बाजूला उडाली. कर्रकन आवाज आला आणि इंजिन बंद पडलं. तो खाली उतरेपर्यंत सून उठून कोपराची धूळ झटकत होती. ट्रॅक्टरच्या जबड्यात आणि ट्रॉलीच्या दांड्यात घमेलं अडकलं होतं, पार चपटं.

त्याने आधी सुनेच्या हातांची बोटं मोजली. पण तोंडाला सवय लागलेली. तोंड म्हणालं, "आवाज द्यायचा ना गं!"

"दिला की," सून म्हणाली. "दोनदा थांबा म्हणाले. तिसऱ्यांदा ओरडण्यापेक्षा उडी मारली. माझ्या तोंडापेक्षा माझे पाय बरे."

नळाशी भांडी घासत बसलेली बायको उठली. हात न धुताच आली. तिने घमेलं ओढून काढलं, उलटंसुलटं बघितलं आणि आत नेलं. रात्रीच्या जेवणात तो ताटावर बसला तर शेजारी ते चपटं घमेलं ठेवलेलं.

"हे काय?"

"ट्रॅक्टर बदलायचा," ती म्हणाली. "बघायला मी येणार."

"ट्रॅक्टरला काय झालंय? प्लेट गेलीय फक्त. मिस्त्रीकडे टाकतो."

"टाका. मी तिथेही येते."

मिस्त्रीने ट्रॅक्टर मधून सोडवून क्लचप्लेट बाहेर काढली तेव्हा जळक्या वासाने सगळेच नाक धरून मागे सरकले. प्लेट निळीकाळी झाली होती.

"काका, दोन वर्षांत ही तिसरी."

"हल्ली माल खराब येतो."

"माल चांगलाय. ही झिजलेली नाही, शेकलीय. क्लच पूर्ण खाली जात नाही, सारखा अर्ध्यावर राहतो, तेव्हा अशी शेकते." मिस्त्रीने हात पुसत त्याच्या गुडघ्याकडे बघितलं, मग नजर दुसरीकडे वळवली. भला माणूस होता. "नाव आपण गमतीने ठेवलं होतं, हाफक्लच. प्लेटने मनावर घेतलं."

दुकानातले दोघे हसले. हाफक्लचही हसला. उलट्या खोक्यावर बसलेली बायको हसली नाही. तिने विचारलं, "क्लच नसलेला ट्रॅक्टर असतो का?"

"असतो की. पेडलवाला. हायड्रो म्हणतात."

"ते खेळणं आहे," हाफक्लच म्हणाला. "गिअर नाही तो ट्रॅक्टर कसला? ती खुर्ची झाली."

"खुर्चीही बघू," ती म्हणाली.

नवं काही घ्यायचं तर विकणाऱ्याचं ऐकू नये, वापरणाऱ्याला विचारावं, हे त्याचंच सांगणं. म्हणून दोघं आधी पोल्ट्रीवाल्याकडे गेले. पोल्ट्रीवाल्याकडे शटलचा ट्रॅक्टर होता. स्टेअरिंगखाली डाव्या हाताला एक छोटी दांडी, वर केली की पुढे, खाली केली की मागे. गिअर बदलत बसायला नको.

"खुराडी साफ करायची म्हणजे दिवसात दोनशेदा पुढे आणि दोनशेदा मागे," पोल्ट्रीवाला म्हणाला. "गिअरवाल्यावर माझा खांदा उतरला होता. आता नुसती दांडी."

"बघ," हाफक्लच बायकोला म्हणाला. "हे कसं मर्दाचं काम."

"आणि क्लच?" तिने विचारलं.

"क्लच दाबायचाच. दांडी हलवताना दरवेळी." पोल्ट्रीवाल्याने विजार वर करून दोन्ही पोटऱ्या दाखवल्या. उजवी काकडी, डावी दुधी. "माझी बायको म्हणते, डावा पाय दुसऱ्या कुणाचा तरी आहे."

तो डावा पाय हाफक्लच बराच वेळ बघत राहिला. एवढ्या असूयेने त्याने कधी कुणाच्या शेताकडेही पाहिलं नव्हतं.

तिथून रोपवाटिकेवालीकडे. ही बाई एकटीने सगळा व्याप सांभाळायची. ते पोचले तेव्हा ती ट्रॅक्टरवरच होती, लोडरच्या बादलीत मातीचा ढीग, आणि दोन्ही बाजूंना रोपांच्या पिशव्यांच्या रांगा, मध्ये जेमतेम चाकाएवढी वाट. ट्रॅक्टर पुढे आला, थांबला, वीतभर मागे गेला, थांबला. एकही पिशवी कलंडली नाही. शिट्टीसारखा बारीक आवाज मात्र सारखा येत होता.

"आवाज करतो हा," हाफक्लच लगेच म्हणाला.

"करतो. ओढायलाही गिअरच्या मानाने कमी. जड नांगर लावलात तर रडेल," ती खाली उतरत म्हणाली. "तेल वेळेवर बदलावं लागतं, आणि ते तेल स्वस्त नाही. सगळं सांगते, लपवत नाही. पण मला नांगरायचं नाही. उचलायचं, ठेवायचं, मागे यायचं. दिवसभर तेच. दोन पेडल, दोन्ही उजव्या पायाला. एक पुढे, एक मागे. डावा पाय बसून खातो."

बायको ट्रॅक्टरच्या डाव्या अंगाला गेली, वाकून बघितलं. तिथे खरंच काही नव्हतं. नुसता पत्रा.

"थांबतो कसा?"

"पाय उचलला की थांबतो."

"दाबावं नाही लागत?"

"नाही."

"आणि पाय घसरला तर?" हे तिने नवऱ्याकडे न बघता विचारलं. ती एका रोपाची पानं मोजत असल्यासारखी उभी होती.

"घसरला म्हणजे उचललाच की. थांबतो."

हाफक्लच चपलेचा पट्टा नीट करायला खाली वाकला. पट्ट्याला काही झालं नव्हतं. कानांच्या पाळ्या तापल्या होत्या आणि वर येईपर्यंत त्या निवतील असं त्याला वाटलं, पण निवल्या नाहीत.

"हाताला काय झालं हो ताई?" रोपवाटिकेवालीने विचारलं.

बायकोने तोंड उघडायच्या आत तो उभा राहिला. "कुणाला पटायचं नाही, पण ऐका," असं म्हणून सुरूच झाला. मागे घेतोय, केसाकेसाने, नुसतं बस म्हणायचं, आणि आभाळातून विमान. बायको रांगांमधून चालत लांब गेली आणि पाठ करून उभी राहिली.

"विमान?" रोपवाटिकेवालीने वर बघितलं. "इकडून विमान जातं?"

"तेव्हा जायचं."

"असेल बाई," ती म्हणाली. पण वर बघत राहिली.

परत येताना घराजवळ आल्यावर बायको म्हणाली, "आधी चिमणी होती ना?"

तो म्हणाला, "कुठली चिमणी?"

विक्रीच्या शेडमध्ये तिन्ही तऱ्हेचे ट्रॅक्टर ओळीने उभे होते. गिअरचा, शटलचा, हायड्रोचा. रंग इतके चकचकीत की त्यांच्यासमोर आपल्या कपड्यांवरचे डाग आपल्यालाच मोठे दिसावेत. विकणारा गोड बोलणारा होता. हाफक्लच तडक शटलपाशी गेला.

"हा घेतो. आधी चढावर धरून बघतो."

शेडच्या मागे सिमेंटचा उतार बांधलेला होता, पायथ्याशी जुन्या टायरांची रास. ट्रॅक्टरवर चढताना डावा पाय पायरीवर जाईना. त्याने दोन्ही हातांनी मांडी उचलून पाय वर ठेवला. लोक उजव्या बाजूला होते म्हणून त्याने हे डावीकडून केलं. डावीकडे बायको उभी होती.

वर बसल्यावर त्याला बरं वाटलं. उंचीवरून सगळं नेहमी बरंच वाटतं. गिऱ्हाईकं जमली होती, दोन मेकॅनिक येऊन उभे राहिले होते, आणि एवढे कान एका जागी बघून त्याच्या जिभेला राहवलं नाही.

"एक पेला आणा," तो म्हणाला. "काठोकाठ भरून. बॉनेटवर ठेवा. अर्धा तास धरतो क्लचवर. थेंब सांडला तर नाव बदला."

विकणाऱ्याने हसत पेला आणवला. तो बॉनेटवर ठेवला. हाफक्लचने ट्रॅक्टर उतारावर अर्ध्यापर्यंत नेला, ब्रेक सोडला आणि क्लचवर धरला.

धरला. खरंच धरला. पेल्यातलं पाणी आरशासारखं होतं, त्यात शेडचं छत दिसत होतं. एक, दोन, तीन... त्याने आकडे मोजायला सुरुवात केली, आणि सातला गुडघ्याच्या आत कुणीतरी सुई फिरवल्यासारखं झालं. नऊला पोटरी थरथरली. पाण्यावर बारीक वळ्या उठल्या. अकराला छत दिसेनासं झालं. त्याने डावा हात खाली नेऊन गुडघा धरला, सगळ्यांदेखत. पेला आधी सरकला, मग बॉनेटवरून घरंगळत खाली गेला, आणि ट्रॅक्टर मागे मागे जाऊन टायरांच्या राशीवर धप्पकन बसला. इंजिन बंद.

कुणीतरी एकदाच टाळी वाजवली आणि थांबलं.

"नवीन गाडी आहे, होतं असं," विकणारा म्हणाला. त्याचा तो चांगुलपणा टाळीपेक्षा जास्त लागला.

"पेला बरोबर नव्हता," हाफक्लच म्हणाला. "बूड गोल होतं."

बायकोने पेला उचलला. बूड सपाट होतं. तिने ते कुणाला दाखवलं नाही. पेला विकणाऱ्याच्या हातात देऊन म्हणाली, "हायड्रो दाखवा."

तो हायड्रोवर बसला तेव्हा फारसं कुणी उरलं नव्हतं. उजवा पाय टेकवला की जायचा, उचलला की थांबायचा. उतारावरही थांबायचा. डावा पाय पत्र्यावर पडून होता, देवाघरी गेलेल्या माणसासारखा निवांत. दोन वर्षांत पहिल्यांदा त्याला खाली उतरावंसं वाटत नव्हतं, आणि हे कुणाला दिसू नये म्हणून तो तोंड वाकडं करून बसला होता.

जमीन तिच्या माहेरची, त्यामुळे ट्रॅक्टरही तिच्या नावावर व्हायचा होता. जुना तिथेच बदल्यात द्यायचा ठरलं. कारकुनाने कागद पुढे सरकवला, तिने डाव्या हातात पेन घेतलं.

"उजव्या हाताने करा बाई, डाव्याने वेडीवाकडी येईल."

तिने उजवा हात टेबलावर ठेवला. कारकून शाईच्या दौतीकडे बघायला लागला. मग तिने डाव्या हाताने सही केली, एकेक अक्षर, जीभ ओठांत धरून, आणि ती संपेपर्यंत हाफक्लच भिंतीवरच्या कॅलेंडरवरचे रविवार मोजत होता. त्या महिन्यात पाच होते.

ट्रॅक्टर घरी यायच्या आत बातमी पोचली होती. चार वाजता पंक्चरवाला दुकानाला कुलूप घालून आला, मिस्त्री आला, पोल्ट्रीवाला आला, आणि कामावरून परतणारे दहा-बारा जण कुंपणाला टेकून उभे राहिले.

"दादा, गिअर कुठायत?" पंक्चरवाल्याने आत डोकं घालून विचारलं. "की घरात काढून ठेवलेत?"

हशा झाला.

हाफक्लचने ऐकायचं ते आधीच ऐकून ठेवलं होतं आणि बोलायचं ते वाटेतच जुळवून आणलं होतं. "माझ्यासाठी घेतलाय का? मला अजून कुठल्याही गिअरवर बसवा. हिच्यासाठी घेतला. हिला झेपेल असा. पेला ठेवून बघितला तिकडे, पाऊण तास धरला. शेवटी विकणाराच म्हणाला, काका, पाणी तापलं, आता उतरा."

मिस्त्री पायाच्या नखाने जमीन उकरत होता. बायको दारात उभी राहून ऐकत होती. तिने काही म्हटलं नाही, म्हणून हाफक्लच अजून थोडं बोलला. पाऊण तासाचा तास झाला.

"जोडून तर दाखवा," पोल्ट्रीवाला म्हणाला. "ट्रॉली उभीच आहे."

सून गज घेऊन निघाली. बायकोने तिच्या हातातून गज घेतला आणि भिंतीला टेकवून ठेवला.

"मी उभी राहते," ती म्हणाली.

"आई, अहो गज तरी..."

"नको."

ती ट्रॉलीपाशी गेली. उजव्या हातात खीळ घेतली, तीन बोटांत, डाव्याने दांड्याचा हूक उचलून धरला. त्या दिवशी जशी उभी होती तशीच, त्याच जागी. फक्त हात बदलले होते.

हाफक्लचला कुंपणाजवळचे सगळे दिसत होते, ती दिसत नव्हती. तिचा फक्त आवाज येणार होता. हा ट्रॅक्टर नकोच, ही माणसं नकोत, कुणीतरी हाक मारून आपल्याला इथून न्यावं, असं त्याला वाटलं. मग त्याने उजवा पाय मागच्या पेडलवर टेकवला.

"येऊ द्या," ती म्हणाली.

दोन वर्षांनी ऐकला तो आवाज. ट्रॅक्टर बारीक शिट्टी घालत सरकला.

"येऊ द्या... येऊ द्या..." आवाजात घाई नव्हती. "थोडं... अजून बोटभर..."

बोटभर म्हणताना ती अडखळली नाही. त्याच्या मानेवरून घाम खाली उतरला.

"बस."

त्याने पाय उचलला. ट्रॅक्टर थांबला. एवढंच. जबड्याचं भोक आणि हुकाचं भोक एकमेकांवर येऊन बसली होती. तिने खीळ वरून सोडली. ठण्णकन आवाज झाला.

"वा, वहिनी!" पंक्चरवाला ओरडला. "आज अगदी वेळेवर म्हणालात!"

कुंपणावरचे सगळे मोकळेपणाने हसले. त्यांचं काही चुकलं नव्हतं. त्यांना जे सांगितलं होतं त्यावरच ते हसत होते. मिस्त्री तेवढा हसला नाही. सूनही नाही.

हाफक्लच सीटवर बसून होता. त्याचा डावा पाय आपणहून पुढे गेला आणि क्लच शोधायला लागला. पत्र्यावर इकडे गेला, तिकडे गेला. तिथे दाबायला काहीच नव्हतं. गप्प बसला असता तर चाललं असतं, हे त्याला त्या क्षणीही कळत होतं. पण एवढी माणसं तोंड वर करून त्याच्याकडे बघत होती, आणि त्याच्या तोंडाला अजून पाय उचलायचं शिकवलं नव्हतं कुणी.

"तेच तर सांगतोय मी दोन वर्षं," तो हसत म्हणाला. "कुणाला पटायचं नाही, पण त्या दिवशी हिने एवढं एकदा जरी बस म्हटलं असतं..."

"म्हटलं होतं."

ती ट्रॅक्टरमागून पुढे आली होती, हाताचं ग्रीस फडक्याला पुसत. आवाज चढलेला नव्हता, पण कुंपणापर्यंत जात होता.

"चिमणी नव्हती. विमान नव्हतं. मी तुमच्या पायाकडे बघत होते, आणि तीनदा म्हणाले होते. बस. बस. बस."